ओळखीचे शब्द, परका मुलूख

आखातात नोकरी-धंद्यासाठी जाणाऱ्या आपल्या भागातील माणसाची पहिली समजूत अशी असते, की आपण काही परक्या मुलखात चाललेलो नाही. लंडन-अमेरिकेला निघालेला माणूस धास्तावलेला असतो. खायचे काय, बोलायचे कसे, थंडी किती, असे तो दहा जणांना विचारतो. सौदीला किंवा दुबईला निघालेला कोणालाच काही विचारत नाही. तिथे अजान आहे, हलाल आहे, रमजान आहे. आणि उर्दू शाळेत शिकलेला असेल तर दुकानांच्या पाट्याही वाचता येतात. मग विचारायचे काय?

आमचा धंदा कापडाचा. परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड इकडच्या शिंपी बांधवांशी आमचा रोजचा व्यवहार. त्यांच्यातले बरेच जण, आणि त्यांच्या घरचे गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर, तिकडे जाऊन आले. गेली पंचवीस-तीस वर्षे गादीवर बसून आम्ही त्यांचे ऐकत आलो आहोत. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की माणसाचे नुकसान तिथल्या अनोळखी गोष्टींनी फारसे होत नाही. अनोळखी गोष्टीपुढे माणूस सावध असतो. नुकसान होते ते ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींनी, आणि त्यातही शब्दांनी.

'आपलाच मुलूख' ही समजूत आली कुठून, ते आधी पाहू. एक तर ती हजहून आलेल्यांच्या गोष्टींतून आली. आपल्या मोहल्ल्यात परदेश पाहिलेली पहिली व्यक्ती म्हणजे हाजीसाहेब. ते मक्का-मदिन्याचे सांगतात, तिथल्या पाहुणचाराचे सांगतात, वाटेवर खजूर आणि पाणी वाटणाऱ्यांचे सांगतात. सगळे खरे आहे. पण हाजी हा अल्लाहचा पाहुणा म्हणून जातो, आणि कामगार कामगार म्हणून. दम्मामला नोकरी लागलेल्या माणसापासून मक्का बाराशे किलोमीटरहून लांब आहे, रियाधपासून साधारण पावणेनऊशे. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडते, यावरून अंदाज करावा. 'नोकरीबरोबर हज होऊनच जाईल' असे घरचे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तिथे राहणाऱ्यालाही हजसाठी सरकारी परवाना लागतो, आणि परवान्याविना गेलेला सापडला तर दंड आणि हद्दपारी. इन्शाअल्लाह होईल, पण आपोआप होणार नाही.

दुसरे कारण सामान. १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिकडून आलेल्या पेट्यांनी आपल्याकडच्या लोकांचे डोळे दिपवले. टेपरेकॉर्डर, जाड ब्लँकेट, अत्तर आणि कापड. त्या काळात गिऱ्हाईक येऊन 'सौदीचे कापड दाखवा' म्हणायचे. सौदीचे म्हणून जे कापड ते हाताळत असत, ते बहुतेक जपानचे किंवा कोरियाचे असे. अरबांच्या पांढऱ्या झग्याचे उंची कापड म्हणजे जपानी पॉलिस्टर; तोयोबो, शिकिबो या तिथल्या गिरण्यांची नावे आखातातल्या प्रत्येक शिंप्याच्या तोंडी आहेत. ओमानी लोक डोक्याला बांधतात त्या महागातल्या मुसरी काश्मीरच्या लोकरीच्या. ऊद म्हणाल तर आसामच्या जंगलातला. आसामातील होजाईच्या हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये मुंबईत अत्तराचा धंदा सुरू केला आणि त्यातूनच आज आखातात घरोघरी माहीत असलेली अत्तराची पेढी उभी राहिली. म्हणजे पेटीतून जे 'अरबी' म्हणून उतरत होते त्यातले निम्मेअधिक अरबस्तानात बनलेलेच नव्हते. पेटी पाहून मुलखाचा अंदाज बांधू नये, तो इथेच चुकतो.

तिसरे कारण खास आपल्या मराठवाड्याचे आहे. आपल्याकडे चाऊश मंडळी आहेत. त्यांचे पूर्वज यमनच्या हजरमौत भागातून निजामाच्या चाकरीत आले. खजिन्यावर, देवड्यांवर, गढ्यांवर पहाऱ्याला राहिले. 'चाऊश' हा शब्ददेखील मुळात तुर्की फौजेतल्या एका हुद्द्याचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ अरबांना नजरकैदेत ठेवून परत पाठवण्यात आले. ज्यांची मुळे इथे रुजली होती ते राहिले. आज ते तुमच्या-आमच्यासारखे उर्दू आणि मराठी बोलतात, नावातला 'बिन' किंवा 'बा' तेवढा उरला आहे. शेजारी चाऊश असल्यामुळे आपल्याला वाटते की अरब आपल्या ओळखीचे आहेत. खरे तर त्यांच्या आजा-पणजांना विचारायला हवे होते, की बाबांनो, वाळवंट सोडून या काळ्या मातीत आणि ज्वारीच्या मुलखात आलात, तेव्हा पहिले वर्ष कसे गेले? ते कोणी विचारले नाही आणि लिहून ठेवले नाही.

कोकणातल्या मुस्लिम बांधवांचे वेगळे आहे. रत्नागिरी-रायगडकडे पिढ्यानपिढ्या माणसे जहाजावर गेली, बाहेर राहिली. घरातल्या म्हाताऱ्यालाही माहीत असते की बाहेर काय चालते. आपल्याकडे समुद्रच नाही. आपली माहिती हैदराबादहून किंवा मुंबईहून ऐकीव आली, आणि ऐकीव माहितीत उणे ते गळून पडते.

आता शब्दांकडे येऊ. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हे जास्त जाणवते. जेद्दा किंवा दुबईला उतरलेला उर्दू वाचणारा माणूस पहिल्याच दिवशी पाटी वाचतो, 'बेबसी'. दुकानादुकानावर बेबसी. पुढे कळते की अरबीत 'प' नाही, म्हणून पेप्सी तिथे 'बीबसी' अशी लिहितात. आपली परभणीदेखील त्यांच्या कागदावर 'ब'नेच सुरू होते. इथपर्यंत हसण्यावारी नेता येते.

मग तो आपली अडचण सांगायला जातो आणि म्हणतो, मी गरीब आहे. समोरचा अरब मान डोलावतो, कारण अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. पैसे नसलेल्याला ते फकीर म्हणतात. म्हणजे हा मदत मागतो आहे आणि त्याला ऐकू येते की हा बाहेरचा आहे, जे त्याला दिसतेच आहे.

बाजारात फिरणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची गंमत तर विचारू नका. दुकानावर मोठ्या अक्षरांत 'खस्म' लिहिलेले असते. उर्दूत खस्म म्हणजे वैरी. तिथे खस्म म्हणजे सूट, डिस्काउंट. गिऱ्हाइकाला तिथे 'जबून' म्हणतात; आपल्याकडे जबून म्हणजे ज्याची अवस्था वाईट झाली आहे तो. (दिवाळी-ईदच्या आदल्या रात्री आमच्या दुकानातले गिऱ्हाईक पाहता दोन्ही अर्थ बरोबर आहेत.) घाऊक बाजाराला 'जुम्ला', जे आपल्याला वाक्य वाटते. कोणी 'रकम' विचारली की आपला माणूस खिशावर हात ठेवतो. त्याला फक्त नंबर हवा असतो, इकाम्याचा किंवा फोनचा. आणि शिंप्याच्या दुकानावर 'तफसील' लिहिलेले असते. मराठीतला तपशील तो हाच शब्द. तिथे तफसील म्हणजे मापाने बेतून शिवणे. आमच्या एका गिऱ्हाइकाला वाटले की हे चौकशीचे ऑफिस आहे.

पण हाच 'खस्म' पगाराच्या चिठ्ठीवर आला की त्याचा अर्थ कपात होतो, आणि तिथे हसू थांबते. पगाराला तिथे 'रातिब' म्हणतात. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो, रोज ठरलेला. आपला माणूस पगाराचेही तसेच समजतो: एजंटाने आकडा सांगितला, तो दरमहा येणार. करारात मात्र त्या आकड्याचे तुकडे असतात. मूळ पगार, म्हणजे 'रातिब असासी', वेगळा. घराचा, जेवणाचा, येण्याजाण्याचा भत्ता वेगळा. एकूण बेरीज सारखी दिसते म्हणून कोणी विचारत नाही. फरक निघताना पडतो.

निघताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीला अरबीत 'मुकाफअत' असा शब्द आहे. उर्दू वाचणाऱ्याला मुकाफात म्हटले की केलेल्या कर्माची फेड आठवते आणि तो कागद बाजूला सारतो. तो कागद त्याच्या हक्काच्या पैशाचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाले की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार, असा हिशेब आहे. दोन शिंपी घ्या. दोघांनाही महिना १,८०० दिरहम. एकाच्या करारात मूळ पगार १,६०० आणि दुसऱ्याच्या ९००. पाच वर्षांनी पहिल्याला ५,६०० दिरहम मिळतील आणि दुसऱ्याला ३,१५०. काम तेच, सुईदोरा तोच. सौदीत पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार असा नियम आहे. मात्र आपण होऊन राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, आणि दोन ते पाच वर्षांत तिसरा हिस्सा. घरची आठवण आली म्हणून पावणेदोन वर्षांत परत आलेल्यांना हे माहीत असते तर त्यांनी आणखी तीन-चार महिने काढले असते.

आता 'कफील' घ्या. आपल्याकडे घराचा कफील म्हणजे घर चालवणारा, सगळ्यांची जबाबदारी अंगावर घेणारा. या शब्दाला आपल्या मनात फार इज्जत आहे. म्हणून 'तिकडे कफील आहे' म्हटले की आई-वडिलांना धीर येतो, की चला, मुलाच्या डोक्यावर कोणाचा तरी हात आहे. तिथला कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा वीझा आणि तुमचा इकामा आहे तो. मालक भला असेल तर अल्हम्दुलिल्लाह. भले मालक पुष्कळ आहेत, हे आम्ही जाऊन आलेल्यांच्याच तोंडून ऐकले आहे. पण शब्दात भलेपणा नाही, शब्दात फक्त कायदा आहे. इकामत म्हटले की आपल्याला नमाजची जमात आठवते. तिथे इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि त्यावर धंदा लिहिलेला असतो.

त्या लिहिलेल्या धंद्याने किती घरे बसवली याची मोजदाद नाही. आमच्याकडून अस्तर, बक्रम, दोरा नेणारा तालुक्याच्या गावचा एक शिंपी २०१० च्या सुमारास 'आझाद वीझा'वर सौदीला गेला. घरच्या दोन मशीन विकल्या, बायकोचे दागिने मोडले, बाकीचे उसने. आझाद म्हणजे मोकळा, हवे तिथे काम करा, असे त्याला सांगितले होते. इकाम्यावर त्याचा धंदा 'आमिल' असा होता. आपल्याकडे आमिल म्हणजे तावीज-गंडेवाला; तिथे आमिल म्हणजे मजूर. तो एका शेतमालकाच्या नावावरचा मजूर होता आणि शहरात एका दुकानात झगे शिवत होता. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही एकत्र बसत नाही. 'आझाद वीझा' नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. ज्याच्या नावावर वीझा आहे त्याच्याकडेच काम करायचे. दुसरीकडे केले तर पकडले जाण्याची भीती रोजची. २०१३ साली सौदी सरकारने कागदपत्रे नीट करण्याची किंवा दंडाविना निघून जाण्याची मुदत दिली, ती नोव्हेंबरात संपली. त्या मुदतीत लाखाहून अधिक भारतीय परतले. त्यांत हा होता. कर्ज मात्र इथेच थांबलेले होते. आज तो दुसऱ्याच्या दुकानात भाड्याच्या मशीनवर बसतो. हात अजून चांगला आहे.

मालक बदलण्याला तिथे 'नक्ल कफाला' म्हणतात. आपल्या कानाला नक्कल म्हणजे कागदाची प्रत. एकाने खरोखरच इकाम्याच्या झेरॉक्स काढून नेल्या होत्या. तिथे नक्ल म्हणजे हलवणे, एका कफीलकडून दुसऱ्याकडे जाणे. मार्च २०२१ पासून सौदीत खासगी क्षेत्रातल्या कामगाराला एक वर्ष झाल्यावर, नियमाप्रमाणे आगाऊ सूचना देऊन, मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची सोय झाली. ही मोठी सुधारणा होती. पण त्यातून घरगुती नोकर, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि गुराखी वगळले होते. आपल्याकडून जे जातात त्यांत नेमके 'हाउस ड्रायव्हर' पुष्कळ. त्यांनी कोणाच्या तरी चुलतभावाचे उदाहरण ऐकून नोकरी सोडू नये. न सांगता निघून गेलेल्याची मालकाने तक्रार केली की त्याला 'हुरूब' लागतो, म्हणजे पळून गेला अशी नोंद. मग इकामा असून नसल्यासारखा.

व्यापारी बांधवांसाठी एक शब्द वेगळा आहे, 'तसत्तुर'. सतर, सत्तार यांच्या कुळातला हा शब्द आपल्याला चांगला वाटतो. तिथे त्याचा अर्थ असा: दुकान चालवायचे आपण, भांडवल आपले, आणि नाव एखाद्या सौदीचे, त्याला महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची. एक काळ असा होता की रियाधच्या बत्हा आणि जेद्द्याच्या बलद बाजारात असे कितीतरी धंदे चालले, आणि आपल्यातले काही जण त्यातच चार पैसे मिळवून आले. त्यांच्या सांगण्यावरून अजूनही विचारणारे येतात, की अमुक शेखच्या नावावर कापडाचे दुकान टाकतो, पैसे गुंतवू का? २०२० च्या सौदी कायद्याने या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड आहे. शिवाय ज्याच्या नावावर दुकान, त्याने उद्या 'हे माझेच' म्हटले तर तुम्ही कोणत्या अदालतीत जाल? करारच बेकायदा. अमिरातीत पूर्वी मुक्त क्षेत्राबाहेर ५१ टक्के भागीदारी स्थानिक माणसाची लागे. २०२१ पासून बहुतेक व्यापारी धंद्यांत पूर्ण मालकी परदेशी माणसाला घेता येते. धंदाच करायचा असेल तर तो रस्ता उघडा आहे, भांडवल मात्र जास्त लागते.

जुन्या माहितीवर जाणे हाही एक रोगच म्हणावा लागेल. ज्यांनी १९९० च्या सुमाराचे आखात पाहिले ते आजही तेच सांगतात, आणि ऐकणारा तेच धरून जातो. अजान झाली की सौदीत दुकाने बंद होतात, असे आपण ऐकत आलो. जुलै २०२१ पासून नमाजच्या वेळी दुकान उघडे ठेवायला मुभा मिळाली. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी २०१३ मध्ये शुक्रवार-शनिवार झाली. अमिरातीत तर जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवारची सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. 'मुस्लिम मुलूख, म्हणजे जुम्म्याची पूर्ण सुट्टी' असे गृहीत धरलेल्याला पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो. कापडाच्या दुकानात सेल्समन म्हणून जाऊ पाहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सप्टेंबर २०१८ पासून सौदीत तयार कपड्यांच्या दुकानांतल्या ७० टक्के जागा सौदी नागरिकांसाठी राखल्या गेल्या. मशीनवर बसणाऱ्याची गोष्ट वेगळी, काउंटरवर उभे राहणाऱ्याची वेगळी.

बायको-मुलांना नेऊन कायम राहण्याच्या बेतांचेही असेच झाले. जुलै २०१७ पासून सौदीने परदेशी कामगाराच्या घरच्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली आणि दरवर्षी १०० ने वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेली. बायको आणि तीन मुले म्हणजे महिना १,६०० रियाल, वर्षाचे १९,२००. त्या तीन-चार वर्षांत कितीतरी कुटुंबे गावी परतली. तिकडेच जन्मलेली मुले इथे आली तेव्हा त्यांच्यासाठी परदेश म्हणजे परभणी होती. नळाला रोज पाणी येत नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळले. आमच्या दुकानात एका मुलाने विचारले होते, लाईट गेली तर परत कोण आणतो?

पैशाच्या गुणाकाराचे थोडक्यात सांगतो. पहिले दोन महिने प्रत्येक जण तिथल्या चहाची किंमत रुपयांत करून पाहतो आणि चहा पीत नाही. पगाराचाही रुपयांत गुणाकार करतो आणि गावी मोठी आश्वासने देतो. दोन्ही हिशेब चुकीचे. खर्च रियालात होतो, तेव्हा बचतही रियालातच मोजावी. एके काळी हा प्रश्नच नव्हता: कुवेत, बहरीन, कतर, दुबई या भागांत आपला रुपयाच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. मग कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आपले चलन आणले, आणि १९६६ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतर-दुबईनेही तो सोडला.

शिंपी बांधवांना आमच्या धंद्यातले चार शब्द. 'आम्ही कुर्ता-पायजामा शिवतो, झगा म्हणजे लांब कुर्ता' असे समजून जाऊ नये. सौदी थोबला शर्टासारखी कडक कॉलर आणि कफ. तिथे बक्रमाचे काम पक्के हवे. अमिरातीच्या कंदुऱ्याला कॉलर नसते, गळ्यापासून लांब गोंडा सोडलेला असतो. ओमानी दिशदाशाचा गोंडा आखूड आणि बाजूला. गळ्याचा आकार पाहून तिथला माणूस ओळखतो की हा शिंपी कोणत्या देशात काम करून आला. जपानी पॉलिस्टरवर सुई आणि टाका वेगळा लागतो. आपल्या सुती कापडावर बसलेला हात त्यावर चुण्या पाडतो. जाण्याआधी महिनाभर कोणा जाणकाराकडे बसून शिकलात तर पहिल्या महिन्याचा खस्म वाचेल. शाबानपासून ईदपर्यंत काम रात्रंदिवस असते, तेव्हा रमजानमध्ये घरच्यासारखी फुरसत मिळेल असेही धरू नये. आणि मजुरी नगावर आहे की महिन्यावर, हे इथेच लेखी घ्यावे.

कागदांचे म्हणाल तर आम्ही विचारणाऱ्याला एवढेच सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो. त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहता येते. मोबाईल असलेल्या कोणत्याही मुलाकडून पाहून घ्यावे. एजंटाची फी ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दोन-दोन लाख देऊन आलेले आम्हाला भेटले आहेत. वीझा आणि इकाम्याचा खर्च सौदी कायद्याने मालकाचा आहे, म्हणजे 'वीझाची किंमत' म्हणून जे मागतात ते मुळातच विकायची वस्तू नाही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर तपासणीचा शिक्का असतो. त्याला आखातात जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि त्या वेळी प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो. ही तपासणी चुकवून व्हिजिट किंवा उमऱ्याच्या वीझावर कामाला जाणारे दोन्हींना मुकतात. पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असा तिथलाही नियम आहे, पण मागितला की आपला माणूस देऊन टाकतो, 'कफील आहेत, सांभाळतील' म्हणून. निदान त्याची प्रत आणि कराराची प्रत गावी ठेवून जावी.

कराराला तिथे 'अक्द' म्हणतात. आपल्याकडे अक्द म्हणजे निकाह. निकाहच्या वेळी मेहर किती, साक्षीदार कोण, हे आपण चार वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतो. या अक्दवर मात्र मुंबईच्या एखाद्या जिन्यात उभ्या-उभ्या अंगठा होतो. सौदीत करार दोन भाषांत असला तरी वादाच्या वेळी अरबी मजकूरच धरला जातो. म्हणून अरबी मजकूर वाचवून घ्यावा, आणि तोही मालक-मजुराच्या व्यवहारातली अरबी कळणाऱ्याकडून. आपल्या मदरशांतले उस्ताद कुरआन-हदीसची अरबी जाणतात, ते आदरणीयच. पण 'बदल सकन' म्हणजे घरभाड्याचा भत्ता आणि 'इजाजा' म्हणजे परवानगी नव्हे तर रजा, हे तिथे वर्ष-दोन वर्षे राहून आलेला हमाल जास्त नेमके सांगतो. 'दोन वर्षांनी इजाजा' लिहिलेले वाचून एक जण समजला की गावी येण्याची परवानगी मागावी लागेल. ती त्याची हक्काची रजा होती, आणि तो तीन वर्षे मागायला लाजत राहिला.

राहिले हवामान. 'आम्ही परभणीचे, आम्हाला ऊन काय शिकवता' असे म्हणणारे जेद्दा, दम्माम, दुबईला जाऊन गप्प होतात. मे महिन्याचे आपले ऊन कोरडे; तिथे समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही. १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सौदी आणि अमिरातीत भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची बंदी आहे, ती उगाच नाही. तेव्हा सुती बनियन जास्त न्यावेत. आणि रियाधला जाणाऱ्याने एक जाड स्वेटर न्यावाच, कोणाच्याही दुकानातून घ्या. वाळवंट म्हणजे बारा महिने उकाडा असे समजून गेलेले जानेवारीच्या पहाटे आपलीच लुंगी अंगाभोवती गुंडाळून फजरला निघतात.